सात मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो

जावक क्र. ४१२
३ नोव्हेंबर

प्रति,
मोजणीदार, गट पाच

विषय : घर क्रमांक ३७ मधील जुळ्या मुलींची मापं

महोदय,

राष्ट्रीय कुटुंब पाहणीच्या नियमाप्रमाणे, तुमच्या गटाने पाहणी केलेल्या दर दहा घरांपैकी एका घरी आमचा तपासणी गट पंधरा दिवसांनी पुन्हा जातो आणि पाच वर्षांखालच्या मुलांची मापं पुन्हा घेतो. दोन मापांत सात मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. मूल हलतं, रडतं, माणसाचा डोळा चुकतो, हे सगळं त्या सात मिलिमीटरमध्ये धरलेलं आहे.

घर क्रमांक ३७ मध्ये एकवीस महिन्यांच्या जुळ्या मुली आहेत. आपली नोंद : थोरली ७९.४ सेंटिमीटर, धाकटी ७९.६. आमची नोंद : थोरली ७९.८, धाकटी ७२.१. वजनाचंही तेच. आपण धाकटीचं वजन नऊ किलो सहाशे ग्रॅम लिहिलं आहे. आमच्या काट्यावर ती सहा किलो दोनशे भरली.

पंधरा दिवसांत मूल साडेसात सेंटिमीटरने आखूड होत नाही. आपण एकीला मोजलं आणि दुसरीचा आकडा अंदाजाने भरला, असा याचा सरळ अर्थ निघतो. असं करणाऱ्याला कामावरून काढतात, हे प्रशिक्षणात सांगितलेलं आहे. आठ दिवसांत लेखी खुलासा करावा.

आपली,
तपासनीस, गट दोन


६ नोव्हेंबर

तपासनीसबाई,

खुलाशाला आठ दिवस कशाला हवेत? आठ मिनिटं पुरेत!

तुमचं पत्र कार्यालयाच्या थैलीतून निघालं तेव्हा आमचा सगळा गट शाळेच्या व्हरांड्यात फॉर्म तपासत बसला होता. पत्र उघडलं आणि मी असा ताडकन उठलो, की बाकडं कलंडलं आणि पलीकडच्या टोकाला बसलेले आमचे गटप्रमुख फॉर्मांसकट खाली आले. ते मिनिटामिनिटाचा हिशोब मागतात म्हणून आम्ही त्यांना घड्याळसाहेब म्हणतो. त्यांनाही मला खुलासा द्यायचाय. तो वेगळा.

मी अंदाजाने आकडा भरला? मी? अहो, मी कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं ते कशावरून, विचारा कुणालाही! सगळ्या वर्गाने प्रयोगवहीत मागच्या वर्षीच्या मुलांचे आकडे उतरवले होते. माझा एकट्याचा प्रयोग खरा, म्हणून माझं एकट्याचं उत्तर वेगळं. सर म्हणाले, 'बाकीच्यांसारखं आण.' मी म्हटलं, 'मला नका सांगू, तराजूला सांगा.' शब्दाला शब्द वाढला, मी वही खिडकीतून फेकली आणि तिच्यामागोमाग स्वतः बाहेर पडलो. दारातून. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत, आईमार्फत बोलतात. मी समोर बसलेला असतो आणि ते आईला सांगतात, 'त्याला म्हणावं, मीठ दे.' हे सगळं एका आकड्यासाठी सोसलेल्या माणसावर तुम्ही हा आरोप करता!

तर ऐका. १८ ऑक्टोबर, सकाळी साडेदहा. दोन खोल्यांचं घर, पुढे ओटा, दाराशी शिलाई मशीन. आमच्या मुलाखतकार बाई मुलींच्या आईला घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. बायकांचे प्रश्न एकांतातच विचारायचे, घरातल्यांनीही ऐकायचे नाहीत, हा नियम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. मी ओट्यावर मोजपाट मांडला. आजीबाईंनी थोरलीला आणलं. लाल झबलं. तिने माझ्या खिशातलं पेन ओढलं ते थेट तोंडात. ते सोडवायला मी तिला बिस्किट दिलं. तिला पाटावर झोपवलं, पाय सरळ धरले, फळी टाचांना टेकवली : ७९.४. आजीबाई तिला घेऊन घरात गेल्या आणि धाकटीला घेऊन आल्या. पिवळं झबलं. हिच्या तोंडाला आधीच बिस्किटाचा चुरा, आणि हिनेही आल्या आल्या नेमका तोच खिसा पकडला! जुळ्या त्या जुळ्याच! माप : ७९.६. दोन मिलिमीटर जास्त आले कारण हिने ऐन वेळी लाथ झाडली. असले बारकावे अंदाजाने भरणाऱ्याला सुचतात का?

तुमचाच पाट तपासून घ्या. तो ठीक निघाला तर डोळे.

मोजणीदार, गट पाच

ता. क. : रागात लिहिलंय म्हणून माझं अक्षर असं आलंय. तुमचं अक्षर मात्र सुरेख आहे. 'ळ' तर फारच.


जावक क्र. ४३०
१० नोव्हेंबर

महोदय,

खुलासा पोचला. त्यात राग दीड पान आहे आणि माहिती अर्धं पान. मी फक्त त्या अर्ध्या पानाबद्दल विचारते.

लहान मुलाला पाटावर मोजायला दोन माणसं लागतात. एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने पाय. पाय तुम्ही धरलेत, हे पत्रात आहे. डोकं कुणी धरलं? तुमचा जोडीदार अख्ख्या पत्रात कुठेच दिसत नाही.

आणि दुसरं. दोन्ही मुलींना तुम्ही एकाच वेळी, एकाच ठिकाणी, शेजारी शेजारी पाहिलंत का? घाईघाईत 'हो' लिहू नका. तुमचं पत्र सोबत परत पाठवते आहे, कारण तुम्ही नक्कल ठेवणाऱ्यातले दिसत नाही. बिस्किटाच्या ओळीखाली मी पेन्सिलने रेघ मारली आहे. ती ओळ सावकाश वाचा.

पाट तपासून घेतला. डोळेही. दोन्ही ठीक आहेत.

अक्षराबद्दलचा शेरा या कामाशी संबंधित नाही.

तपासनीस, गट दोन


१३ नोव्हेंबर

तपासनीसबाई,

डोकं आजीबाईंनी धरलं. झालं समाधान? जोडीदाराला सणकून ताप होता. त्याची हजेरी बुडू नये म्हणून फॉर्मवर त्याची सही नंतर घेतली. ही चूक माझी, कबूल, लिहून देतो. पण म्हणून मी आकडे मनाने भरले असं होत नाही. आजीबाईंनी डोकं असं घट्ट धरलं होतं की आमच्या जोडीदाराला आयुष्यात जमणार नाही.

आणि दोघींना शेजारी शेजारी पाहिलं का, हा काय प्रश्न झाला? पाहिलंच की! आधी लाल झबल्यातली आली, मग ती आत गेली, मग पिवळ्या झबल्यातली

थांबा.

पेन खाली ठेवलं, माठातलं पाणी पिऊन आलो, तुम्ही मारलेली रेघ पुन्हा वाचली. तपासनीसबाई, दुसरीला मी बिस्किट दिलंच नव्हतं. माझ्याकडे एकच होतं.

मग चुरा कुठून आला?

मी एकाच मुलीला दोनदा मोजलं. आजीबाई तिला पुढच्या खोलीत घेऊन गेल्या, झबलं बदललं आणि पुन्हा माझ्यासमोर आणून ठेवली. आणि मी, दोन मिलिमीटर जास्त आले म्हणून लाथ धरली नि स्वतःच्या बारकाईवर खूष झालो! मी टाचा बघत होतो, फळी बघत होतो, आकडा बघत होतो. मुलीच्या तोंडाकडे बघितलंच नाही. फॉर्ममध्ये तोंडाला रकाना कुठे असतो!

खोटा आकडा उतरवायचा नाही म्हणून मी कॉलेज सोडलं, आणि इथे येऊन खोटा आकडा अगदी खऱ्या पाटावर मोजून, दशांशासकट भरला. हसा तुम्ही. तुमचा हक्कच आहे.

पण मला हसू येत नाही, कारण तुमच्या पहिल्या पत्रातले ते सहा किलो दोनशे मी आज पहिल्यांदा वाचले. त्या दिवशी नुसते डोळ्यांखालून गेले होते. एवढ्या कमी वजनाच्या मुलाला आपण तिथल्या तिथे आरोग्य केंद्राची लाल चिठ्ठी देतो. मी ती दिली नाही. उद्या सकाळी सायकल काढतो नि तिकडे जातो. त्या आजीबाईंना विचारतोच! नाही, आधी धाकटीला बघतो. मग विचारतो.

मोजणीदार (अजून तरी)


१५ नोव्हेंबर

हे पत्र थैलीने नाही, टपालाने पाठवते आहे. लवकर पोचावं म्हणून. तुम्ही अजून निघाला नसाल, एवढीच आशा.

जाऊ नका.

पाहणी झालेल्या घरी परवानगीशिवाय पुन्हा जायचं नसतं. लोक आपल्याला घरात घेतात, कुणाला सांगणार नाहीत ते सांगतात, ते या भरवशावर की आपण परत उंबऱ्यावर येऊन जाब विचारणार नाही. तुम्ही रागात जाल आणि त्या म्हाताऱ्या बाईंवर ओरडाल. तुमचा राग किती पानांचा असतो ते मला माहीत आहे.

लाल चिठ्ठी मी दिली आहे, मोजलं त्याच दिवशी. चिठ्ठी घेताना मुलींची आई काय म्हणाली तेही सांगते. तुम्हाला कळायला हवं म्हणून, आणि माझ्या एकटीच्याने ते सोबत बाळगवत नाही म्हणून. ती म्हणाली, 'मला वाटतच होतं हो, हिच्यात काहीतरी कमी आहे. पण ते पाटवाले येऊन मोजून गेले, काही बोलले नाहीत. म्हटलं, म्हणजे ठीकच असेल.'

हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहिलेलं नाही.

खोटं कशाला बोलू, टोचावं म्हणूनच लिहिलं. पण तुम्ही अंदाजाने आकडा भरलात हा माझा आरोप चुकीचा होता. तो मी मागे घेते. आता तरी जाऊ नका.

तपासनीस


१७ नोव्हेंबर

तपासनीसबाई,

तुमचं पत्र आज आलं. मी चौदा तारखेलाच जाऊन आलो होतो. पत्र आधी आलं असतं तरी गेलोच असतो.

आजीबाई ओट्यावरच होत्या. म्हणाल्या, 'आलास? मला वाटलंच होतं, आज ना उद्या याच्या डोक्यात प्रकाश पडणार.' मी तोंड उघडायच्या आत त्यांनी पाण्याचा पेला हातात दिला. काठोकाठ भरलेला पेला हातात असला की माणसाला धड ओरडता येत नाही. हे त्यांना अनुभवाने ठाऊक असावं.

'आजी, एकीलाच दोनदा आणलंत?'

'आणलं.'

'का?'

'मी दोनदा आणलं, तू दोनदा मोजलंस. मी काय तुझे डोळे बांधले होते?'

मग त्याच सांगायला लागल्या. मुलींचे बाबा लांब कामाला असतात, महिन्यातून एकदा येतात. आठ महिन्यांपूर्वी असाच कुणीतरी वही घेऊन आला. त्याने दोघींना शेजारी शेजारी धरलं आणि गल्लीदेखत आईला म्हणाला, 'एकीला दूध पाजतेस नि दुसरीला काय वारा?' 'माझी सून तीन दिवस जेवली नाही रे,' आजीबाई म्हणाल्या. 'तिचा काय दोष? मशीनवर बसते, एक मांडीवर, एक पाठीला. घास भरवताना दोघींचे मोजून भरवते. धाकटीच्या अंगालाच लागत नाही. तेव्हाच मी ठरवलं, पुन्हा कुणी वही घेऊन आलं तर त्या वहीत माझ्या सुनेच्या नावाने काळं होऊ द्यायचं नाही. तू आलास, ती आत दार लावून बसलेली, धाकटी पुढच्या खोलीत पाळण्यात झोपलेली. म्हटलं, बरं झालं.'

मी ओरडायला गेलो होतो, तपासनीसबाई. पेला रिकामा केला आणि आणखी एक मागितला.

लाल चिठ्ठी आरशाच्या कडेला खोचलेली होती. मुलींच्या आईला जायचं होतं, पण केंद्रात अख्खा दिवस मोडतो. थोरलीला बरोबर नेलं तर धाकटीकडे कोण बघणार, आणि घरी ठेवलं तर थोरली आता पळते, आजीबाईंचे गुडघे पळत नाहीत. मी म्हटलं, 'तुम्ही आत्ता निघा. थोरलीला मी बघतो.'

आई माझ्याकडे बघतच राहिली. 'तुम्हाला मुलं सांभाळता येतात?'

'मोजता येतात.'

'ते बघितलंय आम्ही,' आजीबाई म्हणाल्या. मग सुनेला म्हणाल्या, 'तू जा गं. मी आहे लक्ष ठेवायला. दोघांवर.'

असा माझा चौदा नोव्हेंबर गेला! थोरलीने पेन तीनदा पळवलं, चौथ्यांदा मीच देऊन टाकलं. तिने ओट्यावर, भिंतीवर आणि माझ्या सदऱ्याच्या पाठीवर रेघा ओढल्या. मी घोडा झालो, मशीन झालो, दोनदा भिजलो. आजीबाईंनी मला वाटाणे सोलायला बसवलं आणि माझी सगळी माहिती काढून घेतली. वय, शिक्षण, बाबा का बोलत नाहीत, लग्न ठरलंय का. आपल्या प्रश्नावलीला दीड तास लागतो, त्यांनी वीस मिनिटांत उरकलं, तेही माझ्याकडून काम करून घेत.

संध्याकाळी पाचला मायलेकी परत आल्या. आई हसत होती! केंद्रातल्या परिचारिकाबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं विचारलं, हिला जुलाब किती वेळा झाले, झोप कशी लागते. खाऊची पाकिटं दिली, औषध दिलं, दर आठवड्याला बोलावलं. 'मला म्हणाल्या, तुमचं काही चुकलेलं नाही,' हे तिने आम्हाला तीनदा सांगितलं.

आणि मी धाकटीला पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या रिकाम्या खिशाकडे पाहिलं, आणि तोंड फिरवलं. अहो, ती थोरलीसारखी अजिबात दिसत नाही! कपाळ वेगळं, भुवया वेगळ्या, रुसणं तर एकदम वेगळं. एकीच्या जागी दुसरी खपवून घेणारा जगात मी एकटाच सापडलो.

आता एक नियम मोडलाच आहे तर दुसराही मोडतो. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही फळ्यापाशी गेला होतात आणि मोजताना काय बघायचं ते लिहिलं होतंत : 'डोळ्यांची पातळी, टाळूला टेकलेली फळी, मुळीच घाई नको.' त्यात पाच 'ळ' आहेत. मी तिसऱ्या बाकावर बसून पाचही मोजले होते. तुम्ही पुढे कोणत्या गटात गेलात ते मला कुणी सांगेना. तुमचं पहिलं पत्र उघडलं तेव्हा आरोपापर्यंत पोचायच्या आधी मी 'जुळ्या'मधला 'ळ' ओळखला. बाकडं मी रागाने कलंडवलं असं तुम्हाला वाटलं असेल. राग नंतर आला. बाकडं आनंदाने कलंडलं!

तुम्ही मला फार आवडता. किती, ते मोजायला पाट नाही.

आता तक्रार करा. दोन्ही गोष्टींची.

तिसऱ्या बाकावरचा


जावक क्र. ४७७
२८ नोव्हेंबर

महोदय,

तक्रार केली आहे. एकट्याने मोजणं, जोडीदाराची सही नंतर घेणं, परवानगीशिवाय पाहणीच्या घरी जाणं. तिन्ही गोष्टी लिहिल्या. एकही वाढवली नाही, एकही गाळली नाही. निर्णय मुख्य कार्यालय घेईल.

तपासनीस, गट दोन

(सोबत एक कागद. याला जावक क्रमांक नाही.)

सहा नोव्हेंबरनंतर तुम्ही मोजलेल्या मुलांपैकी नऊ मुलं आम्ही पुन्हा मोजली. नऊच्या नऊ मापांत फरक एक मिलिमीटरच्या आत आहे. अशी जुळणी आमच्याकडे कुणी कधी पाहिलेली नाही. आमच्या गटप्रमुखांना वाटतं, आमचे आकडे तुम्हाला कुणीतरी पोचवतं. असं म्हणून ते माझ्याकडे बघतात. मी खिडकीकडे बघते.

खरं काय ते लिहा. आणि एक लक्षात ठेवा. मला बरं वाटावं म्हणून किंवा माझं पत्र यावं म्हणून एकाही मुलाचा आकडा केसभर इकडचा तिकडे केला असेल, तर मी तुम्हाला आयुष्यात पत्र पाठवणार नाही. मी मस्करी करत नाही. त्या आकड्यावरून कुणीतरी आई 'ठीकच असेल' म्हणत असते.

तुम्ही मला आठवता. बाहुलीला पाटावर ठेवून शिकवत होते तेव्हा 'बाहुली लाथ मारत नाही!' असं ओरडून तुम्ही स्वतःच पाटावर आडवे झालात. गुडघ्यांपासून खाली सगळे पाटाबाहेर. सगळा वर्ग हसत होता. मी हसले नव्हते. मी तासाभराने हसले, जिन्यात, एकटीच. वरून येणाऱ्या शिपायाने विचारलं, बाई, बरं वाटत नाही का.


२ डिसेंबर

तपासनीसबाई,

जिन्यात! एकट्याच! हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की कागदाला तिथे घडी पडली.

खरं ते लिहितो. दहा घरांतलं कोणतं एक घर तुम्ही उचलणार, हे कुणालाच आधी ठाऊक नसतं. मग मी काय करणार? सगळीच घरं तुमची समजून मोजली. प्रत्येक मूल तीन वेळा. जोडीदार म्हणतो, तुला वेड लागलंय. पाटावर घेण्याआधी मी मुलाचं तोंड बघतो, दोन्ही भुवया लक्षात ठेवतो, कपाळ बघतो, भावंडांना शेजारी बसवतो. एक आई नवऱ्याला हळूच म्हणाली, 'हा पाहणीवाला आहे की चित्रकार?' आकडे मला कुणी दिलेले नाहीत. तुमच्या गटप्रमुखांना सांगा, खिडकीकडे त्यांनीही बघावं.

तुमचं पत्र आणि कार्यालयाचा हुकूम एकाच थैलीतून आले. पाट, काटा, ओळखपत्र आज जमा केलं. मला काढलं. घड्याळसाहेब हात हातात घेऊन म्हणाले, 'चांगला मोजायला लागला होतास रे आता.' तुमच्या तक्रारीमुळे गेलो, हे मला माहीत आहे. राग यायला हवा होता. तयारही होतो, मुठी वळून बसलो होतो, पण येईना. तुम्ही तक्रार केली नसती ना, तर तुम्ही मला जरा कमी आवडला असता. फार नाही, सात मिलिमीटरच्या आतच.

आता थैली माझ्यापर्यंत येणार नाही. खाली आईबाबांच्या घरचा पत्ता लिहितो. पत्र आलं तर बाबाच दार उघडतील आणि आईला सांगतील, 'त्याला म्हणावं, पत्र आहे.' मी वाट बघतोय.

माजी मोजणीदार


२० फेब्रुवारी

अकरा आठवडे तुम्ही मला काय काय म्हणाला असाल, ते त्या दीड पानांवरून ओळखते.

पाहणी संपेपर्यंत मी तपासनीस होते. तपासनीसाने अशी पत्रं लिहायची नसतात. मी एक लिहिलं, तेवढ्यावर गटप्रमुखांनी मला महिनाभर खिडकीकडे बघायला लावलं. काल शेवटचा फॉर्म बांधला. आज लिहायला बसले.

घर क्रमांक ३७ च्या आईने निरोप पाठवला आहे. तिचा निरोप आहे, म्हणून मी सांगू शकते. धाकटी सात किलो नऊशे झाली! केंद्रातला पाट मोडला आहे, म्हणून परिचारिकाबाईंनी मला माझा पाट घेऊन एक मार्चला, रविवारी सकाळी घरीच बोलावलं आहे. आई म्हणते, 'त्या बिस्किटवाल्यांनाही आणा.' आजीबाई म्हणतात, 'दोन बिस्किटं आणायला सांगा.' या वेळी बोलावणं आहे, तेव्हा नियम मोडत नाही.

धाकटीला आता दोन वर्षं पूर्ण झाली. दोन वर्षांच्या मुलाला आडवं मोजत नाहीत. पाट भिंतीला टेकवून उभा करायचा आणि ती त्याच्यासमोर उभी राहणार. डोक्यावरची फळी मी बघते. टाचा धरायला माणूस हवा.

पद्धत माहीत आहे ना? दोघांनी आपापला आकडा वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा, एकमेकांना न दाखवता, आणि मग दोन्ही चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. आणखी एक प्रश्न आहे, तोही त्याच पद्धतीने, दुसऱ्या चिठ्ठीवर. प्रश्न : आपण दोघांनी लग्न करावं का? पर्याय : हो, नाही, माहीत नाही. उत्तराखाली शेरा लिहायला एक ओळ आहे. एकच.

मुळीच घाई नको.


२३ फेब्रुवारी

येतो. टाचा धरतो.

बाबांनी पत्र माझ्याच हातात दिलं आणि थेट मलाच म्हणाले, 'अक्षर छान आहे रे कुणाचंतरी.' आई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली, तिला वाटलं कुणी पाहुणा आलाय.


जावक क्र. १ (नवीन वही)
२ मार्च

प्रति,
टाचा धरणारा

विषय : घर क्रमांक ३७, रविवारची मापं

काल तू सायकलवरून दोन्ही हात सोडून गेलास आणि सगळे कागद माझ्याकडेच राहिले. म्हणून अहवाल मीच लिहिते. सायकलचं हँडल सोडायचं नाही, हेही त्यातच धर.

धाकटी पाटासमोर स्वतःच्या पायावर उभी राहिली. तू टाचा धरल्यास तेव्हा तिने तुझे केस धरले. तुझी चिठ्ठी : ७४.१. माझी चिठ्ठी : ७३.९. फरक दोन मिलिमीटर. चालतो. थोरलीला पाट बघताच सवय आठवली आणि ती आपणहून आडवी झाली. तिला उभं करायला आजीबाई लागल्या. दोघी तेव्हा शेजारी शेजारी होत्या, एकाच वेळी, एकाच ठिकाणी. तू मला तीनदा दाखवल्यास. मी तिन्ही वेळा पाहिल्या.

दुसऱ्या चिठ्ठ्या उघडायच्या आधी तुझी थोरलीने तोंडात घातली. आजीबाईंनी बिस्किट देऊन ती सोडवून घेतली, स्वतः वाचली, सुनेला वाचून दाखवली आणि मग माझ्याकडे दिली. गुप्ततेचा नियम त्यांना कुणीतरी एकदा समजावून सांगायला हवा. तू सांग. पेला हातात घेऊ नकोस.

चिठ्ठीला दातांच्या खुणा आहेत, पण मजकूर वाचता येतो. तो असा : 'हो. हो. हो. शेरा : उद्याच.'

माझी चिठ्ठी : 'हो. शेरा : त्याने कॉलेज पूर्ण केल्यावर. प्रयोगवहीत स्वतःचेच आकडे लिहायचे. सरांनी पुन्हा काही म्हटलं तर तराजू घेऊन मी येईन.'

तुझ्या उद्यात आणि माझ्या तारखेत फरक दोन वर्षांचा. नियमात बसत नाही.

चालवून घ्यावा.

तुझी,
तपासनीस